नीलमोहर वाढतोय, पण फुलत नाही: नागपूरच्या काळ्या मातीत काय करावं

दादा, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही पडताळता येईल. बेसा भागात तुमचा प्लॉट, जमीन काळी. सहा वर्षांपूर्वी नर्सरीतून आणलेला नीलमोहर कम्पाउंडच्या भिंतीपासून सातेक फुटांवर लावला. आता तो दीड मजला उंच झालाय, पानं दाट आहेत, पण फूल एकदाही आलेलं नाही. ऑगस्टच्या सुमारास पानं पिवळी पडतात आणि दिवाळीनंतर झाड पुन्हा हिरवंगार होतं. माळी म्हणतो डीएपी खत टाका. शेजारी म्हणतात शेंडा उडवा, म्हणजे फांद्या फुटतील आणि फुलं येतील. शिवाय फाटकाच्या दुसऱ्या बाजूला जोडीला आणखी एक नीलमोहर लावायचं तुमच्या मनात आहे. झाडाखाली लॉन आहे आणि त्याला हिवाळ्यात दिवसाआड पाणी जातं, हे तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. मला विचाराल तर अर्धं उत्तर त्या शेवटच्या ओळीतच आहे.

मी नागपुरात बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या बागा करते, त्यामुळे "वाढतोय पण फुलत नाही" ही तक्रार माझ्या ओळखीची आहे. तुमच्या दोन तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण दोन्ही पाण्याशी येऊन थांबतात. पावसाळ्यात मुळांशी पाणी साचतं म्हणून पानं पिवळी होतात, आणि हिवाळ्यात पाणी तुटत नाही म्हणून झाडाला फुलण्याचं कारण मिळत नाही. झाड आजारी नाही. त्याला जेव्हा कोरडं हवं असतं नेमकं तेव्हाच ते ओलं राहतंय.

हे झाड मूळचं कुठलं, ते पाहिलं की बरंच उलगडतं. नीलमोहर, म्हणजे जॅकरांडा, हा अर्जेंटिनाचा वायव्य भाग आणि बोलिव्हियाचा दक्षिण भाग इथला. तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो, आणि हिवाळा थंड व कोरडा जातो. त्या कोरड्या काळात झाड पानं गाळतं, आणि उन्हं तापू लागली की नवी पालवी पूर्ण भरायच्या आधी फुलतं. दक्षिण आफ्रिकेतलं प्रिटोरिया शहर नीलमोहरांसाठी जगभर ओळखलं जातं. तिथलाही हिवाळा कोरडा असतो आणि तिथली झाडं ऑक्टोबरच्या सुमारास फुलतात, कारण तो त्यांचा वसंत. आपल्याकडे बंगळुरूत आणि पुण्यात हे झाड चांगलं फुलतं. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पुणे साडेपाचशेच्या वर. नागपूर मात्र जेमतेम ३१० मीटरवर आहे, आणि इथला उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो. म्हणून बंगळुरूच्या रस्त्यांचे फोटो समोर ठेवून नागपूरच्या झाडाला जोखू नका. इथे बहर थोडा विरळ येऊ शकतो, आणि एप्रिलच्या गरम झळांनी फुलं लवकर गळतात. पण आपल्याकडे एक मोठी जमेची बाजू आहे. डिसेंबर-जानेवारीत नागपूरला चांगली थंडी पडते आणि आपला हिवाळा निसर्गतः कोरडा असतो. झाडाला हवी ती परिस्थिती फुकटात मिळते आणि आपण पाइप लावून ती मोडतो.

विदर्भातल्या माणसाला हे समजावणं खरं तर सोपं आहे, कारण संत्र्याचा ताण आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. काटोल-नरखेडकडचा कुठलाही बागायतदार आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारी संत्र्याची फुलं, घ्यायचा असेल तर त्याआधी बागेचं पाणी तोडतो. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. पानं किंचित मलूल होतात, वाढ थांबते, आणि मग पाणी दिलं की बाग फुलते. भारी जमिनीला जास्त दिवस का लागतात? काळी माती ओल धरून ठेवते. वरून भेगा दिसल्या तरी दोन फुटांखाली ओलावा असतो. नीलमोहर म्हणजे संत्रा नव्हे, आणि त्याला ताण देऊन हवा तेव्हा बहर धरता येतो असं मी म्हणणार नाही. पण सतत ओल आणि सतत वाढ मिळत राहिली तर झाड फुलण्यापेक्षा वाढण्याकडे कलतं, ही गोष्ट दोघांनाही लागू आहे. जिथे लॉन थेट खोडापर्यंत नेलेलं असतं, तिथे फेब्रुवारीतही नीलमोहराच्या अंगावर पानं तशीच असतात. रस्त्याकडेच्या, कुणीही पाणी न घालणाऱ्या झाडाने तोवर पानं झाडलेली असतात आणि टोकाला कळ्या धरलेल्या असतात. या मार्चमध्ये तुम्ही स्वतः ही तुलना करून पाहा.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. त्या न पाहता फक्त पाणी तोडायला सांगणं बरोबर नाही.

पहिली गोष्ट वयाची. आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये मिळणारी नीलमोहराची रोपं बहुतेक बियांपासून केलेली असतात. बियांपासूनच्या झाडाला पहिलं फूल यायला सात-आठ वर्षं लागणं अगदी नेहमीचं आहे, आणि दहा-बारा वर्षंही लागू शकतात. कलमी झाड तीन-चार वर्षांत फुलतं, पण तसं रोप इकडे क्वचितच मिळतं. तेव्हा सहा वर्षांत फूल नाही ही गोष्ट एकटी घेतली तर त्यात काळजीचं काहीच नाही. मी सांगते तसं सगळं केलं आणि तरी पुढच्या मार्चमध्ये फूल आलं नाही, तर उपाय फसला असं समजू नका. झाडाचं वय भरायचं असेल.

दुसरी गोष्ट उन्हाची. नीलमोहराला दिवसातून सहा तास तरी थेट ऊन हवं. बेसा भागात गेल्या काही वर्षांत ज्या वेगाने इमारती उठल्या, त्यात रोप लावताना मोकळी असलेली बाजू आता बंद झालेली असू शकते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. तेव्हा दक्षिणेला तीन मजली इमारत असेल, तर नेमक्या महत्त्वाच्या महिन्यांत झाड सावलीत जातं. जानेवारीत सुटीच्या एका दिवशी सकाळी, दुपारी आणि चार वाजता झाडाच्या माथ्यावर ऊन आहे का ते बघा. नसेल तर फुलं कमीच येतील. त्यावर कुठलंही खत चालत नाही.

तिसरी गोष्ट विचित्र वाटेल, पण विचारतेच: तो नक्की नीलमोहरच आहे ना? लहान वयात नीलमोहर, गुलमोहर आणि सोनमोहर, म्हणजे पिवळ्या फुलांचा, तिघांचीही पानं पिसांसारखी असतात आणि रोपांची अदलाबदल होते. ओळखायची खूण सोपी आहे. नीलमोहराची मोठी पानं फांदीवर समोरासमोर जोडीने येतात, तर गुलमोहर आणि सोनमोहराची एकाआड एक येतात. नीलमोहराच्या प्रत्येक पिसाच्या टोकाला असलेली पर्णिका इतरांपेक्षा मोठी आणि अणकुचीदार असते. सोनमोहराच्या कोवळ्या शेंड्यांवर तांबूस, गंजासारखी लव असते. एक फांदी हातात घेतली की मिनिटभरात कळतं.

हे तिन्ही जागेवर असेल, तर पाण्याकडे वळू. आधी पावसाळ्यातली पिवळी पानं, कारण ती जास्त तातडीची आहेत. फूल एखादं वर्ष उशिरा आलं तर चालतं, मूळ कुजलं तर झाड जातं.

पिवळेपणा दोन प्रकारचा असतो. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडून गळत असतील आणि माती ओलीचिंब असेल, तर मुळांना हवा मिळत नाहीये. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असं दिसत असेल तर लोहाची कमतरता. आपल्या काळ्या मातीत चुनखडी बरीच असते, सामू (पीएच) आठच्या आसपास जातो, आणि त्या मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. साचलेल्या पाण्यात ही अडचण आणखी वाढते, त्यामुळे ऑगस्टमध्ये कधीकधी दोन्ही लक्षणं एकत्र दिसतात. तुमच्या वर्णनात पानं दिवाळीनंतर आपोआप हिरवी होतात असं आहे. त्यावरून मला साचलेल्या पाण्याचाच संशय जास्त आहे, कारण लोहाची कमतरता फक्त पाऊस थांबल्याने इतकी साफ जात नाही.

खात्री करायची असेल तर झाडाच्या घेराच्या बाहेर, मुळांना धक्का न लावता, फूटभर खोल खड्डा करा. तो पाण्याने भरा, जिरू द्या, आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी चोवीस तासांनंतरही खड्ड्यात दिसत असेल, तर पावसाळ्यात मुळांची काय अवस्था होत असेल ते तुम्हालाच कळेल. नागपूरला वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तेवढं कधीतरीच होतं, पण मातीच्या खाली, न दिसणारं पाणी दर पावसाळ्यात साचतं.

याचं एक कारण आपली खड्डा करायची पद्धत आहे. सगळीकडे सांगतात: तीन बाय तीन बाय तीन फुटांचा खड्डा करा, त्यात मुरूम, शेणखत, लाल माती भरा. मुरमाड जमिनीत, म्हणजे सेमिनरी हिल्सकडे वगैरे, हे ठीक आहे. पण चारी बाजूंनी घट्ट काळी माती आणि मधे भुसभुशीत भराव, असं केलं की तो खड्डा जमिनीत पुरलेला हौद होतो. आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. तळाला विटांचे तुकडे किंवा गिट्टी टाकून हे सुटत नाही. हौदाला भोक नसेल तर तळाशी काहीही टाका, पाणी तिथेच राहणार.

सहा वर्षांचं झाड आता उचलता येणार नाही, तसा प्रयत्नही करू नका. करता येण्यासारखं इतकंच की पाण्याला बाहेरची वाट द्या. खोडापासून पाच-सहा फुटांवर, जमिनीचा उतार ज्या बाजूला असेल तिकडे, दीड फूट खोल आणि फूटभर रुंद चर काढा आणि तो कम्पाउंडबाहेरच्या नालीकडे किंवा शोषखड्ड्याकडे न्या. चरात जाड गिट्टी भरून वरून झाकला तर तो दिसतही नाही. वाटेत जाड मूळ लागलं तर ते तोडू नका, चर वळवून घ्या. खोडाभोवती पावसाळ्यात आळं ठेवायचं नाही. उन्हाळ्यात केलेलं आळं मृगाच्या आधी मोडून, खोडाकडे माती थोडी चढती करायची, म्हणजे पाणी खोडापासून लांब वाहील. पण खोडावर माती चढवायची नाही हेही लक्षात ठेवा. बुंधा जिथे जमिनीला भेटतो तिथला फुगीर भाग उघडा दिसला पाहिजे. लॉन करताना वरून भराव टाकतात आणि हा भाग सहा इंच गाडला जातो. तसं झालं असेल तर हाताने हळूहळू माती मागे घ्या. सालीला सतत ओली माती लागली की ती कुजते. संत्र्याच्या डिंक्याशी, म्हणजे बुंधा कुजून डिंक गळण्याच्या रोगाशी, झुंजलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

लोहाची कमतरताही आढळली, तर हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकून फार उपयोग होत नाही, कारण चुनखडीत ते लगेच अडकतं. पानांवर हलकी फवारणी काही काळापुरती चालते. जमिनीतून द्यायचं असेल तर चुनखडीच्या जमिनीत टिकणारं ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मागा. ते महाग असतं. आधी निचरा सुधारा, एक पावसाळा बघा, मग खर्च करा.

आता हिवाळा. खोडाभोवती किमान सहा-सात फुटांच्या वर्तुळातलं लॉन काढून टाका. मला माहीत आहे, हे जिवावर येतं. पण लॉनला रोज थोडं आणि वरवर पाणी लागतं, झाडाला क्वचित आणि खोल. दोघांना एकाच पाइपवर सांभाळलं तर एकाचं नुकसान ठरलेलं. काढलेल्या जागेत सुक्या पानांचं तीन-चार इंच आच्छादन पसरा, खोडाला न टेकवता. दसरा-दिवाळी झाली की या वर्तुळात पाणी द्यायचं बंद करा. तुमच्या काळ्या मातीत सहा वर्षांच्या झाडाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेरून पाण्याची गरज नाही. मुळं वर्तुळाबाहेर गेलेली असतात, म्हणून उरलेल्या लॉनलाही दिवसाआडऐवजी आठवड्यातून एकदा पाणी द्या. थोडं पिवळं पडेल, मार्चमध्ये सावरेल. जानेवारीत नीलमोहराची पानं पिवळी होऊन झडू लागली तर घाबरू नका. आपल्याला तेच हवंय. कोवळ्या फांद्याच सुकायला लागल्या तर मात्र एकदा खोल पाणी द्या. मुरमाड जमिनीत हा धोका लवकर येतो, काळ्या जमिनीत सहसा येत नाही. नवीन लावलेल्या, दोन-तीन वर्षांच्या रोपाला हे लागू नाही. त्याला हिवाळ्यातही पंधरा दिवसांनी पाणी हवं.

मार्चमध्ये टोकांना कळ्या दिसल्या, किंवा कळ्या नसल्या तरी पालवी फुटू लागली, की पाणी सुरू करा. झाडाच्या घेराच्या कडेला संत्र्यासारखं दुहेरी आळं करा: आतलं खोडाला पाणी लागू नये म्हणून, बाहेरचं पाणी धरायला. दहा-बारा दिवसांतून एकदा, पण भरपूर, म्हणजे दीड-दोन फुटांपर्यंत ओल जाईल इतकं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, ते आठवड्यावर आणा. पाणी संध्याकाळी द्या. भेगा पडलेल्या काळ्या मातीत गरम हवा थेट मुळांपर्यंत जाते आणि बारीक मुळं तुटतात. आच्छादनाचं खरं काम इथे आहे. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा झाडाकडे येत असेल तर त्या बाजूची पानं करपतात. युनिटचं तोंड वळवून घ्या. खोडाची पश्चिमेकडची बाजू उघडी असेल तर मार्चमध्ये चुना फासा, साल तडकत नाही.

खताचं थोडक्यात सांगते. डीएपी नको. त्यातलं नत्र पानं वाढवतं आणि स्फुरद जास्त झालं की आपल्या मातीत लोह उचलणं आणखी अवघड होतं. "स्फुरद दिलं की फुलं येतात" हे सरसकट खरं नाही. मातीत कमी असेल तरच त्याचा फायदा. युरियाही नको, आणि लॉनला दिवाळीनंतर जो युरिया जातो तो तर अजिबात नको, कारण तो थेट नीलमोहराच्या मुळांना मिळतो. जूनमध्ये चांगलं कुजलेलं शेणखत दोन-तीन घमेली घेराच्या कडेला, बस. सहा वर्षांच्या झाडाला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आणि शेंडा. दादा, इथे मी हात जोडून सांगते, शेंडा उडवू नका. नीलमोहराच्या फुलांचे घोस फांद्यांच्या टोकांवर येतात. टोकं कापली की पुढच्या हंगामाची जागाच गेली. आणि कापाच्या खालून सरळसोट पानसोट, म्हणजे जोमाने उभ्या वाढणाऱ्या कमकुवत फांद्या, फुटतात, दोन वर्षांत झाड झाडूसारखं उभं दिसतं. त्याचा तो पसरट, छत्रीसारखा डौल पुन्हा येत नाही. शिवाय हे पानसोट खोडाला वरवर चिकटलेले असतात, मे-जूनच्या वादळात तेच आधी मोडतात. शहरात वीजतारांखाली अशी तासलेली झाडं जागोजागी उभी आहेत, ती पाहून मला फार वाईट वाटतं.

छाटणी करायचीच तर वेगळ्या कारणाने करा. झाड लहान असतानाच त्याचा एकच मुख्य शेंडा राहील हे पाहायचं. दोन सारख्या जाडीच्या फांद्या अरुंद इंग्रजी व्हीसारख्या वर गेल्या असतील, तर त्यातली एक पुढेमागे वादळात फाटते. ती येत्या फेब्रुवारीत, पानं झडलेली असताना काढा. कोरड्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्याही तेव्हाच. फांदी खोडाला जिथे भेटते तिथे एक फुगीर कडं असतं. त्याच्या बाहेरून कापा, कडं कापू नका आणि लांब खुंटही ठेवू नका. एका वर्षात चौथ्या हिश्शापेक्षा जास्त पाला काढू नका. कापावर डांबर फासू नका, झाड स्वतः जखम भरतं. पावसाळ्यात छाटणी टाळा.

कीड या झाडाला फार त्रास देत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या कोवळ्या फुटीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला, खाली उभ्या गाडीवर चिकट थेंब पडले आणि पानांवर काळी बुरशी चढली, तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून बघा. न भागलं तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण, संध्याकाळी. एप्रिल-मेच्या कडक उन्हात तेलाची फवारणी करू नका, पानं भाजतात. उधईची (वाळवीची) मातीची नळी खोडावर दिसली तर ती खरवडून खालची साल बघा. साल जिवंत असेल तर उधई फक्त वरची मेलेली साल खात होती.

भिंतीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सात फूट म्हणजे अंतर कमीच आहे. पूर्ण वाढलेला नीलमोहर १२ ते १५ मीटर उंच जातो आणि घेरही आठ-दहा मीटरचा होतो. मी पंधरा फुटांच्या आत लावत नाही. काळी माती फुगते आणि आकसते, त्याने भिंतींना तशाही भेगा पडतात, आणि झाड मुळांनी ओल खेचू लागलं की एका बाजूची माती जास्त आकसते. आत्ता काही करायची गरज नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी भिंतीवर नजर ठेवा, आणि भिंतीकडची फांदी बाहेर झेपावू लागली की लहान असतानाच काढा. कुणी झाडच तोडायचा सल्ला दिला, तर शहरात खाजगी आवारातलं झाड तोडायलाही १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे त्यांना सांगा.

राहिला जोडीचा प्रश्न. फाटकाच्या दुसऱ्या बाजूला दुसरा नीलमोहर लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तीच माती, तोच साचणारा पावसाळा, आणि पुन्हा आठ-दहा वर्षांची वाट. त्या जागी ताम्हण लावा. आपल्या राज्याचं फूल, जांभळ्या रंगाचे भरघोस तुरे, आणि नीलमोहर ओसरत आला की ताम्हणाची फुलं सुरू होतात, त्यामुळे फाटकाशी जांभळा रंग एकामागून एक दोन महिने राहील. ताम्हण निसर्गतः नदी-ओढ्यांच्या काठी वाढणारं झाड आहे, ओल्या जमिनीत ते कुरकुरत नाही. उंचीही आटोपशीर राहते आणि फुलायला नीलमोहराइतकी वर्षं लावत नाही. आपल्या मातीतलं झाड असल्याने इथल्या किड्या-पाखरांशी त्याचं जुनं नातं आहे, हा वेगळा आनंद.

म्हणून नीलमोहर परका म्हणून टाकायचा असंही नाही. त्याच्या मूळ रानात तो आता असुरक्षित गणला जातो, शेतीसाठी जंगलं तुटल्यामुळे. तुमच्याकडे आहे, तो नीट सांभाळा.

ताम्हण लावताना खड्ड्याचा हौद करू नका. रोपाच्या पिशवीइतकाच खोल पण रुंद खड्डा घ्या, निघालेली काळी मातीच शेणखत मिसळून परत भरा, आणि सभोवतालच्या जमिनीपेक्षा सहा-आठ इंच उंचवट्यावर रोप बसवा. मृगाचे दोन-तीन पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की लावा, पहिल्या सरीला नको. नर्सरीत रोप निवडताना उंचीवर जाऊ नका. तीन-चार फुटांचं, बुंध्याशी जाड आणि काठीच्या आधाराशिवाय उभं राहणारं घ्या. पिशवी उघडून बघू देत असतील तर तळाशी मुळं गोल फिरलेली नाहीत ना ते पाहा. फिरलेली असतील तर दुसरं रोप मागा.